ब्लॉगाचें बिऱ्हाड

मराठी टीकाकारांनीं आजवर कथा, कादंबरी, नाटक, काव्य यांचा परामर्श पुष्कळ घेतला. परंतु गेल्या वीसएक वर्षांत आपल्या घराघरांतून मोठ्या श्रद्धेनें वाचला जाणारा जो एक लेखनप्रकार उदयास आला आहे, त्याजकडे त्यांचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. ‘स्वतःचा ब्लॉग कसा सुरू करावा’ या किंवा अशाच मथळ्याखालीं प्रसिद्ध होणाऱ्या मार्गदर्शिका हा तो प्रकार होय. त्या मुख्यत्वेंकरून इंग्रजींत असतात. हिंदींत व मराठींतही त्यांचीं अनुकरणें झालीं आहेत. सेवानिवृत्त गृहस्थ, घरकामांतून तास-दीडतास काढणारी गृहिणी, महाविद्यालयांतील होतकरू कवि, यांपैकीं कोणासही आपलें लिखाण चार लोकांपुढें ठेवावें अशी इच्छा झाली, म्हणजे त्याची पहिली गांठ या मार्गदर्शिकांशीं पडते. ज्या लेखनावर विसंबून लोक पैसे खर्च करतात, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे आपलें जन्माचें लिखाण कोठें ठेवावें हें ठरवितात, तें लेखन वाङ्मयदृष्ट्या क्षुद्र असलें तरी टीकेस अपात्र खास नाहीं. म्हणून अशा बऱ्याच मार्गदर्शिका आम्हीं महिनाभर लक्षपूर्वक वाचल्या. आणि त्यांविषयीं आमचें जें मत झालें तें येथें मांडतों.

प्रथमतः डोळ्यांत भरते ती त्यांची एकरूपता. पोथीचे अध्याय जसे ठरलेले, तसे यांचेही ठरलेले असतात. पहिल्या अध्यायांत विषय निवडावा, दुसऱ्यांत नांव घ्यावें, तिसऱ्यांत जागा भाड्यानें घ्यावी, चौथ्यांत वर्डप्रेस चढवावें, पांचव्यांत सजावट करावी; आणि अखेरीस घरबसल्या उत्पन्न कसें होतें याची फलश्रुति. हा क्रम सोपा व बिनचूक आहे, आणि ज्याला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं त्याला तो उपयोगी पडतो, हें श्रेय आम्ही या लेखकांस मोकळ्या मनानें देतों. परंतु लिहावें कसें, लिहिण्यापूर्वीं काय वाचावें, लिहिलेलें दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासून पाहावें कीं नाहीं, याविषयीं त्यांत बहुधा एक ओळही सांपडत नाहीं. बिऱ्हाडाची चर्चा खोलीखोलीनें होते. बिऱ्हाडकरूची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं.

असें कां व्हावें, हें समजण्यास मोठ्या बुद्धीची गरज नाहीं. मार्गदर्शिकेंतील दुव्यावरून गेलेल्या वाचकानें जागा भाड्यानें घेतली, कीं त्या लेखकाच्या पदरीं दलाली पडते. ही पद्धति गुप्त नव्हे. होस्टिंगचा धंदा करणाऱ्या पुष्कळ कंपन्या अशा दलालीची जाहिरात उघडपणें करतात. आणि नवशिक्यानें पहिल्या महिन्याच्या हिशेबीं जें भाडें भरलें त्याहून ती दलाली कित्येकदां जास्त असते. दलाली घेणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुस्तकविक्रेताही प्रकाशकाकडून कमिशन घेतो. पण तो आपल्या दुकानावर परीक्षकाची पाटी लावीत नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ च्या जूनमध्यें काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, शिफारस करणाराचा मालवाल्याशीं असा आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगणें आपल्याकडे आतां भाग आहे. वाचकानें प्रथम तो खुलासा शोधावा. तो तळटीपेंत दडविलेला असेल तर त्या लेखकाच्या ‘प्रामाणिक मताची’ किंमत तेवढ्यानें कमी धरावी.

‘दहा सर्वोत्तम कंपन्या’ अशा ज्या याद्या असतात त्यांविषयींही एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. यादींतील निरनिराळीं नांवें नेहमींच निरनिराळ्या धन्यांचीं असतात असें नाहीं. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर हीं दोन प्रसिद्ध नांवें अनुक्रमें २०१० व २०१२ सालीं एकाच अमेरिकन कंपनीनें विकत घेतलीं, आणि २०२१ मध्यें तीं न्यूफोल्ड डिजिटल या एकाच छत्राखालीं आलीं. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु या दोहोंची तुलना करून एकास पहिला व दुसऱ्यास तिसरा क्रमांक देणारा परीक्षक जर ही गोष्ट वाचकाला सांगत नसेल, तर त्यानें परीक्षणाचें पहिलें कर्तव्यच केलें नाहीं असें म्हणावें लागतें.

आतां या लेखनाच्या भाषेकडे वळूं. तिच्यांत तीन शब्द पुन्हां पुन्हां येतात: ‘अमर्याद’, ‘विनामूल्य’ आणि ‘पांच मिनिटांत’. तिन्हींची फोड केली पाहिजे.

‘अमर्याद’ जागा कोणीही देऊं शकत नाहीं. कारण जागा म्हणजे कोठल्या तरी यंत्रावरील तबकडी, आणि तिला मर्यादा असतेच. करारपत्रांत खालीं ‘रास्त वापरा’चें एक कलम असतें, फायलींच्या संख्येची मर्यादा असते, आणि ती ओलांडणाऱ्यास जागा सोडण्यास सांगण्याचा हक्क मालक राखून ठेवतो. परंतु याहून मोठा प्रश्न असा कीं, लेखकाला जागा लागते तरी किती? देवनागरी लिपींतील एक वर्णचिन्ह युनिकोडाच्या प्रचलित पद्धतींत तीन बाइट घेतें. अडीच हजार शब्दांचा एक लेख धरला तर तो सुमारें पन्नास किलोबाइटांत मावतो. कोणी नेमानें दर आठवड्यास असा एक लेख वीस वर्षें लिहिला, तर एक हजार चाळीस लेख होतील आणि त्या सर्वांचें ओझें पन्नास मेगाबाइटांच्या आसपास भरेल. आजच्या मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटांचें असतें. म्हणजे एका माणसाचें वीस वर्षांचें वाङ्मय पंधराएक छायाचित्रांच्या जागेंत बसतें! ज्याला लिहावयाचें आहे त्यानें अमर्यादाच्या मोहांत पडण्याचें कारण नाहीं. सर्वांत लहान खोली त्याला आयुष्यभर पुरेल.

‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘पहिल्या वर्षापुरतें’ असा असतो. ठळक अक्षरांत छापलेला दरमहाचा आंकडा पुष्कळदां दोन-चार वर्षांचें भाडें एकदम भरणाऱ्यासाठीं असतो. मुदत संपून नूतनीकरणाची वेळ आली म्हणजे तोच आंकडा दुप्पट-तिप्पट झालेला आढळतो. शिवाय आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. म्हणून पहिल्या वर्षाचा भाव न विचारतां, ‘पांच वर्षांत एकंदर किती रुपये जातील?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर मांडून पाहावें. पैसे भरतेवेळीं टोपलींत आपोआप येऊन पडलेल्या इतर वस्तूही काढून टाकाव्या. न मागितलेली वस्तु अशा रीतीनें गळ्यांत बांधणें हें २०२३ सालच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांपैकीं एक म्हणून स्पष्ट नोंदलेलें आहे. त्यांतलीच एक वस्तु म्हणजे सुरक्षिततेचें प्रमाणपत्र. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही लोकोपयोगी संस्था २०१५ पासून तें फुकट देते, आणि साध्या ब्लॉगास तें पूर्ण पुरेसें असतें. त्यासाठीं वेगळे पैसे मागणाऱ्यास आपण नकार द्यावा.

राहिलीं ‘पांच मिनिटें’. यंत्र चढविण्यास पांच मिनिटें लागतात हें खरें आहे. पण आपल्या लिखाणाचें नांव कोणाच्या नांवावर आहे, किल्ली कोणापाशीं आहे आणि आपल्या मागें तें कोण पाहणार, याचा विचार पांच मिनिटांत होत नाहीं. आणि आमच्या मतें याच ठिकाणीं या सर्व मार्गदर्शिका वाचकाला एकटें टाकून निघून जातात.

याचें एक उदाहरण आमच्या परिचयांतलें आहे. देशावरच्या एका खेड्यांत जन्म काढलेले एक शिक्षक निवृत्त झाल्यावर ब्लॉग लिहूं लागले. विहिरीवरची मोट, तिचा नाडा, सोंदूर, थारोळें, बैलांची धांव. बलुतेदारांचे हक्क व त्यांचीं भांडणें. दुष्काळांत कोणता पाला शिजवून खात. अशा गोष्टी त्यांनीं आठ वर्षें लिहिल्या. लेख तीनशेंच्या वर झाले होते. शब्दकोशांतून न सांपडणारे शब्द त्यांत होते, आणि ते वापरणारीं माणसें आतां फारशीं उरलेलीं नाहींत. ब्लॉगाचें नांव आणि जागा त्यांच्या पुतण्यानें मार्गदर्शिका वाचून घेऊन दिली होती, आणि तीं दोन्हीं त्यानें स्वतःच्या ई-मेलवर नोंदविलीं होतीं. पुढें पुतण्या नोकरीनिमित्त परदेशीं गेला व तो जुना पत्ता त्यानें सोडून दिला. शिक्षक वारले. नूतनीकरणाचीं स्मरणपत्रें कोणी न उघडणाऱ्या पेटींत पडत राहिलीं. वर्षभरानें त्यांच्या मुलीनें वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं तो ब्लॉग उघडून पाहिला, तेव्हां त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात होती. घरचा संगणक तोंवर भंगारांत गेला होता. इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहांतून शोधशोधून सत्तर-बहात्तर लेख मिळाले, तेही चित्रांवांचून. बाकीचे गेले ते गेलेच.

या प्रसंगाचा दोष कोणा कंपनीवर टाकतां येणार नाहीं. करारांत लिहिलें होतें तसेंच तिनें केलें. दोष अज्ञानाचा होता, आणि तें अज्ञान दूर करणें हेंच मार्गदर्शिकेचें काम होतें. तिनें ज्या तीन वस्तूंची गल्लत केली त्या येथें वेगळ्या करून दाखवितों.

पहिली वस्तु नांव. संगणकांचे आंकडेवारी पत्ते माणसांच्या लक्षांत राहात नाहींत, म्हणून त्यांस नांवें जोडण्याची जी योजना पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आंखली, तिच्यावरच आजचीं सर्व नांवें चालतात. नांव विकत मिळतें असें लोक म्हणतात. वस्तुतः तें मुदतीनें मिळतें. ‘.कॉम’सारखें नांव एका वेळीं फार तर दहा वर्षांसाठीं घेतां येतें. मुदत टळली तर कांहीं दिवसांची सवलत असते, नंतर तीस दिवस जबर शुल्क भरून सोडवून घेण्याची मुभा असते, आणि त्यापुढें तें नांव पहिल्या येणाऱ्याचें. ओळखीचें जुनें नांव कोणी उचलून त्यावर भलतेंच दुकान थाटतो तें यामुळेंच. २०१४ पासून देवनागरींत ‘.भारत’ असेंही नांव घेतां येतें.

दुसरी वस्तु जागा, म्हणजे रात्रंदिवस जागा असणारा कोठला तरी संगणक, ज्याचा एक कोपरा आपण भाड्यानें घेतों. एकाच संगणकांत शेंकडों भाडेकरू असले तर ती चाळ. त्यांतल्या त्यांत स्वतंत्र हिस्सा मिळाला तर तो ब्लॉक. आणि सबंध संगणक घेतला तर तो बंगला. लेखकाला चाळींतली खोली पुरते, हें वरील हिशेबावरून दिसलेंच.

तिसरी वस्तु छापखाना. मॅट मलनवेग व माइक लिटल यांनीं २००३ सालीं सुरू केलेलें वर्डप्रेस हा आज सर्वांत अधिक वापरांत असलेला छापखाना होय. तो मुक्त परवान्याखालीं सर्वांस फुकट मिळतो. मात्र त्याच नांवानें एक कंपनी भाड्याची जागाही देते. एकाचा पत्ता ‘.ऑर्ग’नें व दुसऱ्याचा ‘.कॉम’नें संपतो, आणि नवशिके या दोहोंत हटकून फसतात.

या तिन्ही वस्तु एकाच दुकानीं घेण्याची सोय असते, आणि मार्गदर्शिका तीच सुचवितात. आमचा सल्ला उलट आहे. नांव एकाकडे घ्यावें आणि जागा दुसऱ्याकडे. म्हणजे जागेच्या मालकाशीं न पटल्यास नांव घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवितां येतें. आणि नांव ज्याचें लिखाण त्याच्याच नांवावर, त्याच्याच ई-मेलवर व फोनवर नोंदवावें. पुतण्या कितीही गुणी असला तरी सातबारा आपण त्याच्या नांवावर करीत नाहीं. मग हा सातबारा तरी कां करावा?

येथें कोणी म्हणेल कीं, एवढी दगदग करण्यापेक्षां फुकटची जागा काय वाईट? मार्गदर्शिका या प्रश्नाचें उत्तर फार आवेशानें देतात, कारण फुकटच्या जागेवर दलाली नसते. आम्हांस तो आवेश मान्य नाहीं. १९९९ मध्यें सुरू झालेल्या व २००३ मध्यें गूगलनें घेतलेल्या ब्लॉगरचे मराठीवर मोठे उपकार आहेत. २००५ नंतरच्या पांच-सात वर्षांत अमेरिकेंत, आखातांत, बंगळुरांत असलेले मराठी अभियंते आणि पुण्या-मुंबईच्या गृहिणी यांनीं जें विपुल लिखाण केलें, तें बव्हंशीं अशा फुकटच्या जागांवरच झालें. वरील शिक्षक तेथें लिहीत असते तर दरवर्षाच्या भाड्याअभावीं त्यांचे लेख नाहींसे झाले नसते, हेंही कबूल केलें पाहिजे. परंतु फुकटच्या घरांतही मालक असतोच, आणि त्याचा बेत बदलतो. १९९४ सालीं निघालेलें जिओसिटीज २००९ मध्यें बंद झालें. ऑर्कुट २०१४ मध्यें गेलें. गूगल प्लस २०१९ मध्यें. गूगलनेंच २०२३ सालीं जाहीर केलें कीं, दोन वर्षें मुळींच न वापरलेलीं वैयक्तिक खातीं पुसून टाकण्याचा अधिकार आपण राखून ठेवीत आहों. म्हणजे मृत लेखकाचें लिखाण तेथेंही निर्धास्त नाहीं. त्याच कंपनीनें २०१३ पासून अशी सोय मात्र ठेविली आहे कीं, खातें निष्क्रिय झाल्यास कोणास कळवावें व काय सोंपवावें हें धन्यानें आधींच नेमून ठेवावें. ही सोय किती मराठी लेखकांनीं वापरली आहे, हें त्यांनीं आपापल्या मनास विचारावें.

तेव्हां भाड्याचें घर कीं फुकटचें, हा वाद दुय्यम ठरतो. लिखाणाची प्रत स्वतःपाशीं आहे कीं नाहीं, हा मुख्य प्रश्न. परंपरा असें सांगते कीं तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडाल्या. अभंग वांचण्यास लोकांचीं मुखें होतीं. ब्लॉगावरील लेख कोणी पाठ करीत नाहीं. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या संगणकगृहास आग लागली, आणि ज्यांनीं दुसरीकडे प्रत ठेविली नव्हती अशा भाडेकरूंपैकीं कित्येकांचें लिखाण कायमचें गेलें. म्हणून महिन्यांतून एकदां आपल्या ब्लॉगाची सबंध प्रत उतरवून घ्यावी. ती सोय वर्डप्रेस व ब्लॉगर या दोहोंतही आहे. एक प्रत घरच्या संगणकांत व दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवावी. १९९६ सालीं स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हकडे आपलें पान आपण होऊन नोंदवितां येतें. त्यास पैसा लागत नाहीं.

प्रत ठेवावयाची ती कोणत्या लिपीबंधांत, यालाही महत्त्व आहे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि गुप्त लिप्यांत लिहिले. त्यामुळें ते जपले गेले खरे, पण इतर मराठी वाचकांस शतकानुशतकें बंद राहिले, आणि राजवाड्यांसारख्या संशोधकानें किल्ली शोधून काढीपर्यंत त्यांतलें वैभव बाहेर आलें नाहीं. संगणकावरील मराठीनेंही असा एक काळ पाहिला आहे. युनिकोडांत देवनागरी १९९१ पासून असली, तरी पुढें कित्येक वर्षें जो तो आपापल्या फॉन्टाच्या सांकेतिक लिपींत लिहीत होता. तो फॉन्ट नाहींसा झाला कीं मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ज्यांच्या घरीं असें जुनें लिखाण असेल त्यांनीं तें आतांच युनिकोडांत आणून ठेवावें. पुढें राजवाडे होतील या भरंवशावर राहूं नये.

एवढें बिऱ्हाडाविषयीं झालें. आतां बिऱ्हाडकरूविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमचें समाधान होणार नाहीं. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ सालीं जॉर्न बार्जर यांनीं काढला, आणि १९९९ मध्यें पीटर मरहोल्झ यांनीं गमतीनें त्याचा ‘ब्लॉग’ केला. शब्द परका असला तरी वस्तु आपणांस नवी नाहीं. सरकारी शाळेंतील नोकरी सांभाळून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ च्या जानेवारींत निबंधमाला काढली, तिचे चौऱ्यायशीं अंक निघाले, आणि बहुतेक सारा मजकूर एकट्या शास्त्रीबोवांच्या लेखणीचा होता. स्वतः लिहावें, स्वतःच प्रसिद्ध करावें, वाचकांशीं परस्पर बोलावें, आणि मध्यें कोणा संपादकाची परवानगी नसावी. ब्लॉगाची याहून निराळी व्याख्या काय करणार? पुढें १८८१ सालीं केसरी व मराठा हीं पत्रें निघालीं, तेव्हां त्यांच्यासाठीं स्वतःचा आर्यभूषण छापखाना उभा करण्यांत शास्त्रीबोवांचा पुढाकार होता. ज्याला मनमोकळें लिहावयाचें त्याच्या हातीं छापण्याचें साधन असावें, हें त्या पिढीनें ओळखलें होतें. जें मिळविण्यास त्यांना कष्ट पडले, तें आज कोणाही मुलास फुकट मिळतें.

परंतु संपादक नसण्याचा तोटाही आहे, आणि तो मराठी ब्लॉगांतून ठिकठिकाणीं दिसतो. रात्रीं लिहिलेलें रात्रींच प्रसिद्ध होतें. लेखाचा आरंभ रेंगाळतो, शेवट एकाएकीं होतो, आणि तोच विनोद तीन लेखांत येतो. शास्त्रीबोवांना संपादक नव्हता, पण महिन्याची मुदत होती. मजकूर खिळ्यांत बसविण्यापूर्वीं पुन्हां वाचण्यास वेळ होता. ब्लॉगकारानें ही मुदत स्वतःवर घालून घ्यावी. लेख पुरा झाल्यावर तीन दिवस मिटवून ठेवावा, आणि चौथ्या दिवशीं तो मोठ्यानें वाचून मगच प्रसिद्ध करावा. मार्गदर्शिका याउलट सांगतात: रोज लिहा, आणि लोक काय शोधतात तें यंत्रास विचारून त्यावर लिहा. या उपदेशाचें फळ म्हणजे हजार ठिकाणीं एकच लेख. त्या शिक्षकांनीं लोक काय शोधतात हें पाहिलें असतें, तर मोटेचें थारोळें त्यांच्या लेखणीस कधींच आठवलें नसतें.

‘आतां ब्लॉग वाचतो कोण?’ असाही एक आक्षेप आहे. फेसबुकावर लिहिलें तर तासाभरांत शंभर लोक वाचतात, व्हॉट्सॲपवर पाठविलें तर गांवभर फिरतें, हें खरें. पण फेसबुकावरचा तीन वर्षांपूर्वींचा मजकूर शोधून काढणें लेखकालाही कठीण जातें. आणि व्हॉट्सॲपवर फिरतां फिरतां पहिली गोष्ट कोणती गळून पडत असेल तर ती लेखकाचें नांव. आपलाच लेख भलत्याच्या नांवानें आपल्याकडे परत आल्याचा अनुभव पुष्कळांनीं घेतला असेल. अशा वेळीं आपल्या पत्त्यावर, आपल्या नांवानें, तारखेसह असलेला मूळ लेख हाच काय तो पुरावा. फिरावयास जावें तेथें जावें. परंतु मूळ प्रत घरीं असावी.

नवशिक्यास आमचें सांगणें थोडक्यांत असें. प्रथम फुकटच्या जागेवर सहा महिने लिहून पाहावें, आणि बारा लेख हातून झाले तर पुढचा विचार करावा. मग आधीं केवळ नांव घ्यावें, तें स्वतःच्या नांवावर व शक्य तितक्या लांब मुदतीचें घ्यावें. फुकटच्या ब्लॉगरलाही तें जोडतां येतें. जागा घ्यावयाचीच झाली तर सर्वांत लहान घ्यावी, आणि पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे: नूतनीकरणाचा भाव काय, प्रत किती दिवसांनीं काढतां, मोडलेलें पुन्हां उभें करून देण्यास पैसे घेतां काय, आणि सोडून जावयाचें झाल्यास सर्व लिखाण एकदम नेतां येईल काय. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. नांव कोठें नोंदविलें, जागा कोठें घेतली, मुदत केव्हां संपते व किल्ली कोठें ठेविली आहे, हें एका कागदावर लिहून तो कागद घरांत विम्याच्या कागदांजवळ ठेवावा, आणि घरांतल्या एका तरी माणसास तो दाखवून ठेवावा.

मार्गदर्शिका लिहिणारांनीं आपल्या अध्यायांत या एका कागदाची भर घातली, तर त्यांच्या दलालीबद्दल आमची तक्रार पुष्कळच सौम्य होईल. त्या शिक्षकांच्या मुलीनें मिळालेले सत्तर-बहात्तर लेख छापून त्यांची एक वही बांधली आहे. मोटेवरचा लेख तींत आहे. दुष्काळावरचे मात्र मिळाले नाहींत. ज्यांच्या घरीं असें कोणी लिहितें माणूस आहे, त्यांनीं आजच संध्याकाळीं त्याच्याजवळ बसून तो कागद लिहून घ्यावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.